सात वाजून चाळीस मिनिटं

सोमवार, १ सप्टेंबर

रागाला वय असतं. आज भडकलेला राग आठवड्यात म्हातारा होतो आणि महिन्यात मरतो. माझा मरू नये म्हणून ही वही.

सकाळी माझं नाव उशिराच्या वहीत तिसऱ्यांदा लिहिलं गेलं. सत्रात तीन वेळा नाव लागलं की शाळेतर्फे कुठल्याही स्पर्धेत उतरता येत नाही. आंतरशालेय वादविवादाची अंतिम फेरी एकोणीस तारखेला आहे. गेली दोन वर्षं ती ढाल मी आणली. सगळी शाळा मला तोफ म्हणते. आज तोफेच्या तोंडात बोळा कोंबला गेला, आणि तो कोंबला टाचणीने.

टाचणी माझ्याच वर्गात आहे. बारीक, ताठ आणि टोचणारी. मनगटावर एक मोठं पुरुषी घड्याळ, बहुतेक तिच्या वडिलांचं. वर्षभर गेटवर वही घेऊन तीच उभी असते. बेल साडेसातला होते. पाच मिनिटांची सवलत असते. त्यानंतर येणाऱ्याचं नाव, वेळ आणि सही.

पहिली दोन नावं रास्त होती, मी नाकारत नाही. अंथरुणात पुस्तक वाचत बसले, उशीर झाला. (आणखी दोनदा झाला होता, पण तेव्हा दूधवाल्याच्या टेम्पोआडून शिरले आणि टाचणीच्या डोळ्यांत धूळ फेकली. त्याचा आनंद अजून आहे.) पण आज मी वेळेत होते. आमचं भिंतीवरचं घड्याळ आईने दहा मिनिटं पुढे लावलंय, घरात सगळ्यांना घाई व्हावी म्हणून. घाई कुणालाच होत नाही, सगळे मनातल्या मनात दहा वजा करतात. निघाले तेव्हा त्यात सात वीस. म्हणजे खरे सात दहा. वाट वीस मिनिटांची. फार तर एकतीस.

गेटवर मी एकटीच होते. टाचणीने मनगट वर केलं आणि लिहिलं : ७.४०.

"टाचणे, नीट बघ."

"बघितलं. सात चाळीस."

"धडधडीत खोटं!"

"सही कर."

"अगं, दहा मिनिटं खाल्लीस माझी!"

"मी डबा खाते. सही कर, मागे प्रार्थना चाललीय."

सही केली. दुपारी वादविवादाच्या सरांनी माझ्या जागी बोलणाऱ्या राखीव वक्त्याचं नाव वाचलं. टाचणी! आता बोला. दहा मिनिटांची चोरी कशासाठी होती, हे सांगायला कुणी पंडित लागतो का?

मंगळवार, २ सप्टेंबर

घरी कुणालाच माझ्या अपमानाचं काही नाही. मामा परवा रविवारी सामान घेऊन आलाय, दोन आठवडे राहणार. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बिघडलेली वस्तू त्याला बघवत नाही. आल्या दिवशीच नळ गळायचा थांबला, कपाटाचं दार कुरकुरायचं थांबलं, आणि स्टुलावर चढून त्याने भिंतीवरची प्रत्येक वस्तू पुसली, तपासली, परत टांगली. आई त्याला दर तासाला चहा देतेय. आईचं स्वतःचं डोकं ठिकाणावर नाही. ती बस डेपोत तिकीट खिडकीवर असते. काल तिलाही डेपोत उशीर झाला आणि साहेबाने सगळ्यांसमोर ऐकवलं. ती म्हणते रस्त्यात खोदकाम आहे. असेल.

मामाला विचारलं, एखाद्याने तुझ्याबद्दल खोटं लिहिलं तर तू काय करशील?

"वायर कुठे तुटलीय ते आधी बघीन."

"आणि तुटलेली नसली तर?"

"मग मी मूर्ख."

यंत्राच्या माणसाशी न्यायाबद्दल बोलू नये.

निश्चय : जी वेळेची राखण करते, तिलाच वेळेच्या चोरीत पकडायचं. तारखेसह, मिनिटासह. इतिहासात जुलमी माणसं तलवारीने कमी आणि कागदाने जास्त पडली आहेत.

गुरुवार, ४ सप्टेंबर

दोन दिवस पहाटे साडेपाचला उठतेय. आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

गेटच्या समोर पंक्चरवाल्या काकांचं दुकान आहे. टायरच्या ढिगामागून गेट अख्खं दिसतं आणि दुकानात घड्याळ आहे. काकांना सांगितलं, शाळेचा प्रकल्प आहे, "सकाळच्या सवयींचं निरीक्षण". पहिलं खोटं. न्यायासाठी बोललेलं खोटं हे खोटं नसतं, यावर मी दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

टाचणी दोन्ही दिवस सहा पंचावन्नला हजर. शाळेच्या ओसरीवर बसून कागदावर काहीतरी लिहिते, मग वही घेऊन उभी. शिंकतसुद्धा नाही.

काका म्हणाले, "पोरी, तू त्या मुलीकडे बघतेस तशी मी टायरमधल्या खिळ्याकडे बघतो."

"खिळाच आहे तो."

"मग काढून टाक आणि पुढे जा. खिळा हातात धरून कुणी गावभर फिरत नाही."

एक विचित्र गोष्ट. घरातून निघताना दहा वजा करून वेळ लावली, तर वाट वीसऐवजी तीस मिनिटांची भरते. दोन्ही दिवस. रागात पाय जड होत असावेत.

रविवार, ७ सप्टेंबर

सापडली!

शुक्रवारी सात अडतीसला पाचवीतली दोन जुळी धावत आली, एकीच्या पायात बूट, दुसरीच्या पायात चप्पल. टाचणीने मनगट बघितलं, वही मिटली आणि मान वळवून आभाळात बघत राहिली. जुळी आत पळाली. काल सात त्रेचाळीसला सहावीतली एक मुलगी, डोळे रडून लाल, गणवेशावर ओकारीचा डाग. पुन्हा वही बंद. वर स्वतःच्या बाटलीतलं पाणी देऊन डाग पुसायला लावला. (मी स्वतः नंतर मागच्या कुंपणाच्या फटीतून आत शिरते.)

म्हणजे ही बाई दार उघडतेही मर्जीने आणि लावतेही मर्जीने! राणीसाहेब! कुणाला माफी आणि कुणाला फाशी, हे त्या मनगटावरच्या घड्याळात नाही, हिच्या लहरीत ठरतं. माझ्यासाठी दहा मिनिटं वाढतात, दुसऱ्यांसाठी तेरा मिनिटं विरघळतात.

सरांनी सोमवारीच विषय दिलाय : "माणूस सवयीने घडतो, संकल्पाने नव्हे." मी स्पर्धेत नसले तरी मुद्दे काढून ठेवायला सांगितलेत, टाचणीला द्यायला! एकही मुद्दा काढला नाही. वेळ नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सातवी नोंद झाली. सात मुलं, सात तारखा-वेळा. स्वच्छ अक्षरात तक्ता केला. लाल शाईने रेघा मारल्या. इतकं नीटनेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. बीजगणिताच्या चाचणीत वीसपैकी सहा मिळाले, ते सोडा.

आई म्हणाली, "आठ दिवस झाले, तू न उठवता उठतेस. कुठून आली ही चांगली सवय?"

सांगितलं, अभ्यासासाठी. आईचा चेहरा असा उजळला, की मी पटकन दप्तर भरायला घेतलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

जिंकले. एकेक शब्द लिहून ठेवते, म्हातारपणी वाचायला.

उपमुख्याध्यापिका बाईंची खोली. बाई, सर, मी, टाचणी. तक्ता टेबलावर ठेवला आणि बोलले. बाई, प्रश्न माझ्या एका नावाचा नाही. प्रश्न असा आहे, की ज्या वहीवर आम्हाला शिक्षा होते ती वही खरी आहे का? तराजूच खोटा असेल तर वजन करून घेणाऱ्याने कुठे जायचं? न्याय सगळ्यांना सारखा नसेल तर त्याला न्याय म्हणत नाहीत, मेहेरबानी म्हणतात. आणि मेहेरबानीवर जगायला आम्ही शाळेत येत नाही.

सरांनी खाली बघून मान हलवली. मला माहीत आहे, वाक्य आवडलं की ते तशी हलवतात.

बाईंनी टाचणीला विचारलं, "हे खरं?"

"हो."

"एकूण किती जणांना सोडलंस?"

"मोजले नाहीत."

"नावं सांग."

"नाही सांगणार."

"का?"

"त्यांना उशीर का झाला ते मला माहितीय, बाई. नाव सांगितलं तर ते पण सांगावं लागेल."

"आणि हिचं सात चाळीस?"

टाचणीने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "हिला उशीर झाला होता."

"सात जणांच्या बाबतीत वही खोटी, आणि या आठव्या मुलीच्या बाबतीत खरी? कसं मानायचं आम्ही?"

बाईंनी हात पुढे केला. वही काढून घेतली. माझी तिसरी नोंद रद्द झाली. एकोणीस तारखेला मी बोलणार, ती राखीव राहणार. मधल्या सुट्टीत आठवीच्या पोरांनी तिला घेरून "खोटारडी टाचणी, बोथट टाचणी" असं गाणं लावलं. मी थांबवलं नाही. खरं लिहायचं तर चाल मीच धरून दिली.

रविवार, १४ सप्टेंबर

मामा गेला.

दारात चपला घालताना आई म्हणत होती, दादा, तू आलास आणि घराची कळाच बदलली. मामा फुगला आणि बोटांवर मोजायला लागला : नळ, कपाट, मिक्सरचं बटण, गच्चीची कडी. "आणि ते तुझं खोटारडं घड्याळ. आल्या दिवशीच सरळ केलं. दहा मिनिटं पुढे! अगं, मीटर चुकीचं दाखवत असेल तर माणूस लिफ्टमध्ये पाय कसा ठेवणार?"

आई हसायला लागली, पदर तोंडाला लावून. "अरे देवा! म्हणून मी त्या सोमवारी उशिरा पोचले! दोन आठवडे मी खऱ्या वेळेतून दहा वजा करतेय आणि खोदकामाला शिव्या घालतेय. सांगायचंस तरी, दादा!"

"बरोबर केलेल्या गोष्टीचं काय सांगायचं? चुकीचं केलं तर सांगतात."

दोघं हसत होती. मी भिंतीकडे बघत होते. सात वीस म्हणजे सात वीसच होते. त्यात वीस मिनिटांची वाट. सात चाळीस.

तिने खोटं लिहिलं नव्हतं.

वहीची मागची पानं वाचली. "वाट तीस मिनिटांची भरते." माझ्याच अक्षरात. तुटलेली वायर मी लिहून ठेवली होती, दोनदा, आणि खाली पायांना दोष दिला होता.

सोमवार, १५ सप्टेंबर

रात्रभर मनात वाद चालला आणि दोन्ही बाजूंनी मीच. एक बाजू म्हणाली, तरीही तिने सात जणांना सोडलं, ते खरंच आहे ना? दुसरी म्हणाली, तू तिला त्यासाठी पकडलंस का? मी हरले, म्हणजे जिंकले, म्हणजे काय ते ठरत नाही.

सकाळी बाईंकडे गेले आणि घड्याळाचं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. "तुझा प्रामाणिकपणा आवडला. आता ते प्रकरण संपलंय. चार दिवसांवर स्पर्धा आली. ढाल आण, तेच तुझं प्रायश्चित्त."

"पण बाई, तिचं नाव..."

"नियम तिनेही मोडला आहे. जा, तयारी कर."

आवडला म्हणाल्या आणि खणात ठेवून दिला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

टाचणीला जिन्यात गाठलं.

"मला कळलंय. सात चाळीस खरं होतं."

"मला आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "माझ्या हातात घड्याळ होतं."

"एक विचारू? बाकीच्यांना सोडायचीस. मला का नाही सोडलं?"

"सोडलं की."

"कधी?"

"दोनदा. दूधवाल्याच्या टेम्पोमागून आलीस तेव्हा. टेम्पोखालून पाय दिसतात गं. डाव्या बुटाची नाडी सुटलेली असते तुझी."

मी खाली बघितलं. सुटलेली होती.

"मग तिसऱ्यांदा का नाही?"

"दोन्ही वेळा आत गेल्यावर तू वळून मला बघून हसलीस. त्या जुळ्यांची आई रात्रपाळी करून येते आणि मग त्यांच्या वेण्या घालते. त्या कधी हसत नाहीत." तिने दप्तर खांद्यावर सरकवलं. "सूडच म्हण. मी पण माणूसच आहे. पण वेळ खोटी नाही लिहिली."

इतकं साधं बोलून ती वर गेली. मी दोन वर्षं ढाली आणल्या, आणि एकदाही कुणाला असं जिन्यात उभं करून ठेवू शकले नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज सूड घेतला. माझ्यावर.

स्पर्धेची गाडी पावणेआठला निघणार होती. मी सात वाजल्यापासून पंक्चरवाल्या काकांच्या दुकानात बसले. बेल झाली. सात पस्तीस झाले. काका म्हणाले, "शाळा नाही का?"

"आहे. उशिरा जायचंय."

"त्यासाठी इतक्या लवकर आलीस?"

सात एकोणचाळीसला गेटवर गेले. आता वही नववीतल्या एका मुलीकडे असते. ती घाबरली. "ताई, आज तुमची स्पर्धा ना? जा तुम्ही, मी नाही लिहीत."

"लिही."

"ताई, तिसरं लागेल!"

"म्हणूनच लिही. मोठ्या अक्षरात."

गाडीतून सर ओरडत आले. पटांगणातली पोरं गोळा झाली. मी सही केली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, नियम हा नियम आहे, सर, तो तोफेलाही लागतो. टाळ्या पडल्या. खऱ्या, भरघोस. सरांचा चेहरा राखेसारखा झाला. टाचणी गाडीत चढली. मी तिच्यापुढे माझं भाषण धरलं.

"नको," ती म्हणाली. "माझं मी लिहिलंय. तीन आठवडे, ओसरीवर. तू बघतच होतीस ना टायरमागून?"

गाडी गेली. दिवसभर पोरं माझ्याशी हात मिळवत होती. आतून हलकं हलकं वाटतंय. मोठं काम केलं की असंच वाटत असावं.

शनिवार, २० सप्टेंबर

तिसरा क्रमांक. ढाल गेली.

टाचणी स्वतःहून माझ्या बाकापाशी आली. पहिल्यांदाच तिचा आवाज कापत होता.

"मजा आली काल? टाळ्या मिळाल्या. आता तू त्यागमूर्ती. मी कोण झाले?"

"मी तुला जागा दिली..."

"मागितली होती मी जागा? आज सकाळी जुळ्यांमधल्या एकीने मला विचारलं, ताई, तू खरंच खोटं लिहायचीस का गं? काल सगळ्या पटांगणासमोर इतकं बोललीस. त्यात एक वाक्य माझं होतं का? एक?"

मी बाकावरून उठायला लागले.

"माझा सूड तू दोनदा घेतलास, तोफे. एकदा ओरडून आणि एकदा महान होऊन. दुसरा जास्त लागला."

ती गेल्यावर बराच वेळ मी तिच्यावर चिडून बसले. खरंच लिहायचं तर, अजूनही थोडी चिडलेली आहे. माझी ढाल गेली, सर बोलत नाहीत, आणि वर ही! पण कालचं माझं भाषण कागदावर उतरवून काढलं. तिच्याबद्दल त्यात एक शब्द नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

प्रार्थनेनंतर रोज एक विद्यार्थी "आजचा विचार" सांगतो. आज पाळी आमच्या वर्गाची होती. ज्याची होती त्याच्याकडून मागून घेतली. बाई समोर, सर समोर, आठशे मुलं रांगेत.

काल दिवसभर भाषण लिहिलं. पहिला खर्डा चार पानांचा. तराजू, वादळ, इतिहासाचं न्यायासन, सगळं आलं. वाचताना लक्षात आलं, की प्रत्येक पानावर शेवटी मीच चांगली दिसते. फाडला. दुसरा दीड पान, त्यातही मी रडवेली होऊन सुंदर दिसत होते. फाडला. चिठ्ठीएवढं उरलं तेच नेलं.

ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिले आणि म्हणाले,

"एक सप्टेंबरला मी शाळेत दहा मिनिटं उशिरा आले. आमच्या घरचं घड्याळ बघण्यात माझी चूक झाली. टाचणीने माझी वेळ बरोबर लिहिली होती आणि मी तिला खोटारडी म्हणाले. गाण्याची चालही मीच लावून दिली. खोटं मी बोलले, ती नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, आता जमिनीत जावं. खाली उतरायला वळले, तेवढ्यात आमच्या रांगेतून स्वच्छ, टोचरा आवाज आला.

"बाई, दुरुस्ती."

सगळ्या माना वळल्या. टाचणी हात वर करून उभी होती, ताठ.

"वेळ बरोबर नव्हती. सात एक्केचाळीस झाले होते. एक मिनिट मी सोडलं होतं."